स्कॅव्हेंज म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषांतराचं काम करताना हा शब्द मला सतत भेटतो, कधी पक्ष्यांच्या माहितीत, कधी इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये, कधी क्रीमच्या डबीवर आणि कधी प्रोग्रॅमरच्या लॉगमध्ये, आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच की अहो याला मराठीत एकच शब्द सांगा ना. म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते सगळे इथे एकत्र लिहून ठेवतोय.

एका वाक्यात सांगा, स्कॅव्हेंज म्हणजे काय?

दुसऱ्याने टाकलेलं, सोडून दिलेलं किंवा वापरून उरलेलं जे काही असेल त्यातून आपल्या कामाचं हुडकून काढणं. हा रोजच्या बोलण्यातला अर्थ.

पण तांत्रिक इंग्रजीत याला दुसरी बाजू आहे, तिथे स्कॅव्हेंज म्हणजे नको असलेलं उरलंसुरलं पकडून तिथून घालवणं. दोन्हीकडे उरलेलं काहीतरी आहेच, फरक एवढाच की एकीकडे ते कोणाच्या तरी उपयोगी पडतं आणि दुसरीकडे ते गेल्यामुळे जागा मोकळी होते. मी भाषांतर करताना स्वतःला एकच प्रश्न विचारतो, या वाक्यात कोणाला काही मिळतंय का जागा साफ होतेय? त्याचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. खाली जिथे जिथे शब्द अडेल तिथे हाच प्रश्न लावून बघा.

उच्चार स्कॅव्हेंज की स्कॅव्हिंज?

इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी तो स्कॅव्हिंजच्या जवळ जातो, जोर पहिल्या भागावर, दुसरा भाग हलका. मराठीत लिहिताना स्कॅव्हेंज आणि स्कॅव्हेंजर असंच रुळलंय, कारण स्पेलिंगमध्ये ई दिसतो, आणि त्यात काही बिघडत नाही. फक्त 'स्कॅवेंजर' असं लिहू नका, व्ही साठी आपण व्ह वापरतोच ना.

हा शब्द आला कुठून? मूळ अर्थ कचऱ्याशी संबंधित होता का?

अजिबात नाही, आणि हीच या शब्दाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. मूळ अर्थ आहे बघणं.

मध्ययुगातल्या लंडनमध्ये बाहेरगावचे व्यापारी माल विकायला आणायचे आणि तो विक्रीला मांडला की त्यावर एक कर लागायचा, त्या कराचं नाव स्कॅवेज. माल दाखवायचा, अधिकारी तो बघणार, तपासणार आणि मग पैसे घेणार. स्कॅवेज हे नाव ज्या जुन्या फ्लेमिश क्रियापदापासून उत्तर फ्रान्समार्गे इंग्रजीत आलं त्याचा अर्थ बघणं, पाहणी करणं असा होता, आणि इंग्रजीतला शो म्हणजे दाखवणं हा शब्दही त्याच घराण्यातला. हा कर गोळा करणारा माणूस म्हणजे स्कॅवेजर. पुढे याच अधिकाऱ्यांकडे रस्ते स्वच्छ आहेत का ते बघण्याचं काम आलं, मग हळूहळू रस्ते स्वच्छ करणारा माणूस तो स्कॅव्हेंजर असा अर्थ झाला, कराचं नाव लोक विसरून गेले आणि झाडू तेवढा शब्दाला चिकटून राहिला.

मधला न कुठून आला असंही विचारतात. तो इंग्रजीने स्वतःच्या जिभेच्या सोयीने घुसवलाय, पॅसेंजर आणि मेसेंजर या शब्दांत घुसवलाय तसाच, मूळ फ्रेंच शब्दांत तिथे न नव्हता.

आणि आणखी एक, क्रियापदातून नाम तयार झालं असं आपल्याला वाटतं पण इथे उलटं झालंय. स्कॅव्हेंजर आधी, स्कॅव्हेंज हे क्रियापद त्यातून मागाहून, सतराव्या शतकात कापून काढलेलं. एडिटर आधी आणि एडिट नंतर, तोच प्रकार.

मराठीत याला एक नेमका शब्द का नाही?

कारण आपल्याकडे एका ऐवजी आठ-दहा आहेत, आणि प्रत्येकाची जागा वेगळी. वेचणं, हुडकणं, धुंडाळणं, उकरणं, चिवडणं, उचकापाचक करणं, सरवा वेचणं. इंग्रजीत कावळा पण स्कॅव्हेंज करतो, माणूस पण, रसायन पण, पंप पण. मराठी क्रियापद मात्र कोण करतंय आणि हाताने, चोचीने की डोळ्यांनी करतंय हे लगेच दाखवतं. कोंबडी उकरते, कुत्रं कचरा उपसतं, कावळा टोचून खातो, माणूस वेचतो. या सगळ्यांसाठी एकच शब्द वापरला तर वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही.

म्हणून 'द डॉग्ज स्कॅव्हेंज्ड फॉर फूड' याचं भाषांतर 'कुत्र्यांनी अन्नासाठी सफाई केली' असं यंत्राने केलेलं मी वाचलंय तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं. 'कुत्री खायला काही मिळतंय का ते हुंगत, उकिरडे उपसत फिरत होती' असं साधं लिहिता येतं. वाक्य लांबलं तरी चालेल पण चित्र दिसलं पाहिजे.

स्कॅव्हेंजर प्राणी म्हणजे कोणते?

जे स्वतः शिकार न करता, किंवा शिकारीशिवायही, मेलेल्या प्राण्यांवर जगतात ते. मराठीत मृतभक्षक किंवा मृतभक्षी हा शब्द चांगला चालतो. गिधाडं, कोल्हे, तरस, कावळे, घारी, खेकडे, काही माश्या आणि भुंगेरे, समुद्राच्या तळाशी राहणारे हॅगफिश, यादी खूप मोठी होईल.

गिधाडांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण त्यांच्याकडे बघून हा शब्द नीट कळतो. गिधाड वर तरंगत राहतं, पंख जवळजवळ हलवत नाही, गरम हवेच्या झोतावर चढतं आणि मैलोन्‌मैल जमीन न्याहाळत जातं. आणि ते फक्त जमीन बघत नाही, शेजारच्या गिधाडांकडेही लक्ष ठेवून असतं. एकाने खाली झेप घेतली की दुसरा वळतो, त्याला बघून तिसरा, आणि थोड्या वेळात रिकामं वाटणारं आकाश भरून जातं. म्हणजे स्कॅव्हेंजरचं पहिलं काम आजही बघणं हेच आहे. रुपेल्स ग्रिफन जातीचं एक गिधाड तर २९ नोव्हेंबर १९७३ ला आयव्हरी कोस्टवर सुमारे ३७,००० फूट उंचीवर विमानाला धडकलं होतं, इतक्या वर पक्षी असू शकतो हे त्यामुळेच कळलं.

अमेरिकेतलं टर्की व्हल्चर मात्र नाकावर चालतं. सडणाऱ्या मांसातून जे वायू निघतात त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन असतं आणि इंधनाच्या गॅसला वास यावा म्हणूनही तेच मिसळतात, त्यामुळे गॅसची पाइपलाइन फुटली की ही गिधाडं त्या जागेवर घिरट्या घालताना दिसायची.

पोटाचं सांगायचं तर गिधाडाच्या जठरातलं आम्ल अतिशय तीव्र असतं, पीएच १ च्या आसपास, त्यामुळे दुसऱ्या प्राण्याला मारून टाकतील असे जंतू तिथे बहुतेक मरतात. दाढीवालं गिधाड तर मुख्यतः हाडांवर जगतं, मोठं हाड पायात धरून उंच नेतं, खडकावर सोडतं आणि फुटलं की खाली येऊन तुकडे गिळतं, नाही फुटलं तर पुन्हा उचलून नेतं.

गिधाडं कमी झाली म्हणजे काय बिघडतं?

दक्षिण आशियात हे घडून गेलंय. १९९० च्या दशकात गिधाडं इतक्या वेगाने मरत गेली की पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली, आणि २००४ मध्ये कारण सिद्ध झालं, गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची किडनी निकामी व्हायची. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं. मेलेली जनावरं मग उघड्यावर पडून राहायला लागली. ज्यांना आपण घाणेरडे पक्षी म्हणत होतो ते काय काम करत होते हे ते गेल्यावर समजलं, आणि मला तरी ही गोष्ट सांगताना दर वेळी हळहळ वाटते.

तरस फक्त उष्टं खातो ना?

हा खूप पसरलेला गैरसमज आहे. आपल्याकडचा पट्टेरी तरस बऱ्याच अंशी मृतभक्षक आहे हे खरं, पण आफ्रिकेतला ठिपकेवाला तरस आपलं बरंचसं खाणं स्वतः मारून मिळवतो. १९६० च्या दशकात हान्स क्रुक यांनी टांझानियातल्या एनगोरोंगोरोमध्ये रात्र रात्र जागून तरसांचा माग काढला तेव्हा लक्षात आलं की शिकार बऱ्याचदा तरस करतात आणि सिंह येऊन ती बळकावतात. सकाळी बघणाऱ्याला सिंह खाताना दिसायचे आणि तरस भोवती ताटकळत बसलेले, म्हणून सगळ्यांनी उलटा अर्थ लावला होता. तेव्हा स्कॅव्हेंजर हे त्या त्या वेळच्या वागण्याचं नाव आहे, कोणाच्या कपाळावर कायमचं लिहिलेलं नाही. सिंह सुद्धा स्कॅव्हेंज करतो.

स्कॅव्हेंजर आणि डीकम्पोझर एकच का?

नाही. स्कॅव्हेंजर तोंडाने खातो, लचके तोडतो, गिळतो. डीकम्पोझर म्हणजे विघटक, जिवाणू आणि बुरशी, ते बाहेरच रसायनं सोडून पदार्थ विरघळवतात आणि मग शोषून घेतात. मोठे तुकडे आधी, बारीक काम नंतर, असा साधारण क्रम.

मधल्या सीमेवरचा एक जीव बघा, पुरणारा भुंगेरा, इंग्रजीत बरीइंग बीटल. मेलेला उंदीर किंवा छोटा पक्षी सापडला की नर-मादी दोघं मिळून त्याच्याखालची माती उकरत जातात, तो हळूहळू जमिनीत बसत जातो, मग त्याचे केस किंवा पिसं काढून, अंग दुमडून मांसाचा गोळा करतात, त्यावर आपल्या तोंडातला स्राव लावतात म्हणजे तो लवकर सडत नाही, आणि जवळच अंडी घालतात. अळ्या बाहेर आल्या की आईबाप त्यांना भरवतात. एवढं सगळं जमिनीखाली, आपल्याला वर फक्त उंदीर गायब झालेला दिसतो.

समुद्रात देवमासा मरून तळाशी गेला की तिथे तर वर्षानुवर्षं खाणाऱ्यांचे थर येतात, आधी हॅगफिश आणि शार्क, मग छोटे जीव, शेवटी हाडं पोखरणारे ऑसेडॅक्स नावाचे किडे, ज्यांची नोंद विज्ञानाने २००४ मध्येच केली.

माणूस आधी स्कॅव्हेंजर होता का?

यावर अभ्यासकांचं अजून भांडण चालू आहे. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत जवळपास १८ लाख वर्षांपूर्वीची जनावरांची हाडं सापडली आहेत, त्यावर दगडी हत्यारांच्या चिरा आहेत आणि मांसाहारी प्राण्यांच्या दातांच्या खुणा पण. आता प्रश्न असा की आधी कोण आलं. दाताच्या खुणेवरून हत्याराची चीर गेली असेल तर प्राणी आधी आणि आपले पूर्वज नंतर, उलटं असेल तर आपले पूर्वज आधी. चीर जाड मांस असलेल्या जागी आहे की उरलंसुरलं खरवडायच्या जागी, हेही बघतात. आणि जिथे हाड दगडाने फोडलंय तिथे आतल्या मगजासाठी फोडलंय, कारण बाकीच्या प्राण्यांनी सगळं संपवलं तरी जाड हाडातला मगज शिल्लक राहतो. बहुतेकांना आता वाटतं की शिकार आणि स्कॅव्हेंजिंग दोन्ही चालत असणार, मिळेल तसं. मला हे पटतं.

स्कॅव्हेंज, फोरेज, सॅल्व्हेज, रमेज, लूट, ग्लीन यात फरक काय?

फोरेज म्हणजे निसर्गात जे आपोआप उगवलंय ते फिरून गोळा करणं. ते कोणाचं उरलेलं नसतं, हाच फरक. सॅल्व्हेज म्हणजे बुडालेल्या, जळालेल्या, मोडलेल्या गोष्टीतून किमती भाग वाचवून काढणं, त्यात वाचवणं महत्त्वाचं आणि बऱ्याचदा हक्कही असतो, जहाजांच्या बाबतीत तर त्याचा वेगळा कायदाच आहे. रमेज म्हणजे आपली उचकापाचक, कपाटात, बॅगेत, कुठेही, काही सापडेल किंवा नाही. लूट म्हणजे मालक असताना जबरदस्तीने नेणं. ग्लीनसाठी आपल्याकडे इतका सुंदर शब्द आहे, सरवा वेचणं, कापणी झाल्यावर शेतात पडलेली कणसं-दाणे गोळा करणं, आणि इंग्रजीतल्यासारखाच तो माहितीसाठीही वापरता येतो, जुन्या कागदपत्रांतून सरवा वेचावा तशी माहिती वेचली असं लिहून बघा.

स्कॅव्हेंजमध्ये मालकाने त्या वस्तूवर पाणी सोडलेलं असतं. मोडक्या रेडिओतून स्पीकर काढून घेतला, त्याने टाकूनच दिला होता, तर स्कॅव्हेंज. विमा कंपनीसाठी जळालेल्या गोदामातून चांगला माल वेगळा केला तर सॅल्व्हेज.

फ्री रॅडिकल स्कॅव्हेंजर म्हणजे काय? क्रीमच्या डबीवर असतं ते.

फ्री रॅडिकल म्हणजे ज्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन एकटा, जोडीशिवाय राहिलाय असा रेणू किंवा अणू, तो अस्वस्थ असतो आणि शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढतो, मग शेजारी अस्वस्थ होतो, अशी साखळी चालू राहते. व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई सारखे पदार्थ स्वतःचा इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देऊन साखळी तोडतात. पकडलं आणि शांत केलं, म्हणून स्कॅव्हेंजर. इथे आपला प्रश्न लावा, कोणाला काही मिळतंय का जागा साफ होतेय? जागा साफ होतेय.

कॉलेजच्या लॅबमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. डीपीपीएच नावाचं एक टिकाऊ रॅडिकल आहे, त्याचं द्रावण गडद जांभळं असतं, त्यात स्कॅव्हेंजर टाकला की जांभळा रंग विरत जातो आणि द्रावण पिवळट होतं, किती विरला ते ५१७ नॅनोमीटरवर मोजतात. पण एक सांगतो, टेस्टट्यूबमध्ये रंग गेला म्हणजे ते क्रीम किंवा गोळी शरीरात तेच काम करेल असं होत नाही, मध्ये पचन आहे, रक्त आहे, प्रमाण आहे. डबीवरच्या शब्दाला तेवढंच महत्त्व द्या.

पाकिटात छोटी पुडी असते ती ऑक्सिजन स्कॅव्हेंजर का?

काही पुड्या असतात, काही नसतात. ऑक्सिजन स्कॅव्हेंजरच्या पुडीत बहुतेक वेळा लोखंडाची बारीक पूड असते, ती गंजते आणि गंजताना पाकिटातला ऑक्सिजन खाऊन टाकते. दुसरी पुडी सिलिका जेलची, पारदर्शक मण्यांची, ती फक्त ओलावा शोषते. दोन्हींवर 'खाऊ नका' लिहिलेलं असतं म्हणून लोक एकच समजतात.

बॉयलरच्या पाण्यातही हेच करतात, विरघळलेला ऑक्सिजन राहिला तर पाइप आतून गंजतात, म्हणून सोडियम सल्फाइट टाकतात आणि ते ऑक्सिजन घेऊन सल्फेट होतं, साधारण १ भाग ऑक्सिजनला ८ भाग सल्फाइट लागतं. याला मराठीत 'ऑक्सिजन शोषक' किंवा सरळ 'ऑक्सिजन स्कॅव्हेंजर' म्हणा.

इंजिनमध्ये स्कॅव्हेंजिंग म्हणजे?

जळून झालेला धूर सिलिंडरमधून बाहेर ढकलून त्या जागी ताजी हवा भरणं. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये यावरच सगळं अवलंबून असतं, कारण तिथे धूर बाहेर काढायला वेगळा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वेगळी फेरी, मिळत नाही. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्टचं छिद्र उघडतं, दाब उतरतो, मग ताज्या हवेचं छिद्र उघडतं आणि आत येणारी हवा जुन्या धुराला पुढे रेटत नेते. यात थोडं ताजं मिश्रणही धुराबरोबर निसटून जातं, पेट्रोलवरच्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्या इंधन वाया घालवायच्या त्याचं एक मोठं कारण हेच. मोठ्या जहाजांच्या इंजिनात हवा सिलिंडरच्या खालच्या बाजूने शिरते आणि धूर वरच्या व्हॉल्व्हने जातो, एकाच दिशेने, त्याला युनिफ्लो म्हणतात. जहाजावरचे लोक 'स्कॅव्हेंज फायर' म्हणतात ती आग वेगळी, हवा जिथे साठते त्या जागेत तेल आणि काजळी जमून पेट घेते ती.

स्कॅव्हेंज पंप हा आणखी वेगळा. एका मशीनचं मराठी मॅन्युअल माझ्याकडे तपासायला आलं होतं, त्यात कोणीतरी त्याला 'सफाई पंप' केलं होतं, आणि पुढे तेल बदलण्याच्या भागात वाचणाऱ्याचा समज होत होता की हा पंप तेल गाळून स्वच्छ करतो, म्हणजे फिल्टर वेगळा तपासायची गरज नाही. प्रत्यक्षात तो पंप इंजिनाच्या तळाशी गळून आलेलं तेल ओढून परत टाकीत नेतो, बस एवढंच, आणि तेलात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात म्हणून त्याची ताकद दाब देणाऱ्या पंपापेक्षा जास्त ठेवतात. मी ते 'तेल परत ओढणारा पंप, म्हणजे स्कॅव्हेंज पंप' असं केलं. एका शब्दामुळे कोणाचं इंजिन जाऊ शकतं, म्हणून मी याबाबतीत हट्टी आहे.

शरीरातल्या स्कॅव्हेंजर पेशी म्हणजे कोणत्या?

मुख्यतः मॅक्रोफेज. मेलेल्या पेशी, जंतू, कचरा गिळतात. पेशी बाहेरच्या गोष्टी अशा गिळतात ही कल्पना शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या अळीत काटा टोचून तपासली होती, त्यांना पुढे १९०८ चं नोबेल मिळालं. 'स्कॅव्हेंजर रिसेप्टर' हा शब्द दिसला तर तो या पेशींच्या पृष्ठभागावरचा ग्राही रेणू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल वगैरे पकडून आत घेणारा.

ऑपरेशन थिएटरमध्ये 'गॅस स्कॅव्हेंजिंग' असतं ते भूल देणाऱ्या वायूचा उरलेला भाग खोलीत पसरू न देता बाहेर नेणारी सोय, डॉक्टर-नर्सना दिवसभर तो श्वासात जाऊ नये म्हणून. आणि हवामानाच्या पुस्तकात 'स्कॅव्हेंजिंग बाय रेन' असेल तर पावसाने हवेतली धूळ धुऊन खाली आणणं. पावसानंतर लांबचे डोंगर स्पष्ट दिसतात ना, ते.

कॉम्प्युटरच्या लॉगमध्ये 'पीएस स्कॅव्हेंज' दिसतं, काही बिघडलंय का?

नाही, ते जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचं नेहमीचं काम आहे, प्रोग्रॅमने नव्याने तयार केलेल्या वस्तूंसाठी (ऑब्जेक्ट्ससाठी) राखलेली मेमरी मोकळी करणं. डेव्हिड उंगर यांनी १९८४ मध्ये जनरेशन स्कॅव्हेंजिंग नावाने ही पद्धत मांडली, आणि क्रोम ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालवणारा व्ही८ नावाचा भाग आहे त्यातही स्कॅव्हेंजर आहे.

यात गंमत अशी की नाव ऐकून वाटतं हा कचरा उचलतो, पण तो कचऱ्याला हातच लावत नाही. जे अजून वापरात आहे तेवढं वेचून दुसऱ्या जागी हलवतो आणि मागे राहिलेली अख्खी जागा एकदम रिकामी धरतो. नवीन वस्तूंमधल्या बहुतेक लगेच मरतात म्हणून जिवंत थोड्याच असतात आणि काम झटपट होतं. म्हणजे शब्दाच्या दोन्ही बाजू इथे एकत्र आल्या, कामाचं वेचलंही आणि जागा साफही झाली. माझा प्रश्न इथे दोन्हीकडे हो म्हणतो, मला अशी दुसरी जागा सापडलेली नाही.

विंडोजच्या डीएनएस सर्व्हरमध्येही, म्हणजे नावावरून कॉम्प्युटरचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरमध्येही, स्कॅव्हेंजिंग असतं, तिथे जुन्या, कोणी ताज्या न केलेल्या नोंदी पुसल्या जातात, मूळ सेटिंगमध्ये ७ आणि ७ दिवसांच्या दोन मुदती असतात. चालू करण्याआधी कुठल्या नोंदी हाताने टाकल्यात ते बघून घ्या.

स्कॅव्हेंजर हंट आणि ट्रेझर हंट एकच का?

नाही. स्कॅव्हेंजर हंटमध्ये सगळ्यांना एक यादी मिळते आणि त्यातल्या वस्तू कुठूनही, कशाही क्रमाने जमवून आणायच्या, जो जास्त आणेल किंवा आधी आणेल तो जिंकला. ट्रेझर हंटमध्ये एक चिठ्ठी दुसरीकडे नेते आणि शेवटी एकच खजिना असतो. पार्ट्यांमध्ये हा खेळ लोकप्रिय करण्याचं श्रेय अमेरिकेतल्या एल्सा मॅक्सवेल यांना दिलं जातं. लहान मुलांसाठी यादीत वस्तूंऐवजी वर्णनं लिहा, 'एका बाजूने गुळगुळीत दुसऱ्या बाजूने खरखरीत पान' अशी, मुलं खूप लक्ष देऊन बघतात.

मॅन्युअल स्कॅव्हेंजिंग याचं भाषांतर काय करायचं?

इथे सांभाळून. हा भारतीय इंग्रजीतला शब्द आहे, बाहेरच्या वाचकाला तो नुसता कचरा वेचणं वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ माणसाने हाताने मानवी मैला उचलणं, वाहून नेणं, गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरून साफ करणं, आणि हे काम जातीने माणसांच्या माथी मारलं गेलं. याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये आणखी व्यापक कायदा आला, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला १० लाख द्यायला सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली, आणि तरी माणसं आत उतरतायत आणि मरतायत.

म्हणून 'सफाईकाम' असा गुळमुळीत शब्द इथे वापरू नका. 'हाताने मैला साफ करण्याची प्रथा' किंवा 'मैला वाहण्याची प्रथा' असं स्पष्ट लिहा. आणि माणसाला स्कॅव्हेंजर म्हणू नका, इंग्रजीतही नको. सफाई कामगार, कचरावेचक म्हणा. गिधाडासाठी तो शब्द वर्णन असतो, माणसासाठी तो शिक्का होतो.

टीका करताना वापरतात तेव्हा मराठीत काय लिहू?

कोणाच्या संकटावर टपून बसलेल्यांना इंग्रजी लेखांत स्कॅव्हेंजर्स म्हणतात. आपल्याकडे 'गिधाडासारखे टपून बसले' आहे, 'लचके तोडले' आहे, आणि सगळ्यात जळजळीत म्हणजे 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं'. हे शेवटचं जपून वापरा, फार कडक आहे.

स्कॅव्हेंज फॉर की स्कॅव्हेंज फ्रॉम?

जे शोधताय त्याच्या आधी फॉर, जिथून घेताय त्याच्या आधी फ्रॉम. 'स्कॅव्हेंज फॉर वुड' म्हणजे लाकूडफाटा हुडकणं, सापडला की नाही ते माहीत नाही. 'स्कॅव्हेंज्ड वुड फ्रॉम द रुइन्स' म्हणजे पडक्या घरांतून लाकूड काढून आणलंसुद्धा. फॉर गाळलं की वस्तू हाती आली असा अर्थ होतो, आणि भाषांतरात 'शोधत होता' आणि 'शोधून आणलं' यातला हा फरक बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. क्रियापदापुढे ऑन आला, 'स्कॅव्हेंज ऑन कारकसेस', तर तो जवळजवळ नेहमी प्राण्यांबद्दल, मेलेल्या जनावरांवर जगणं.